दादाभाईंचा रस्ता आणि कारंज्याची बंडी

मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर शेतकरी तीन ठिकाणी भेटतो, आणि तिन्ही ठिकाणी तो शिल्पात आहे. रस्ता सुरू होतो तिथे क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर लॉकवुड किपलिंगने कोरलेल्या पट्ट्यांमध्ये तो राबताना दिसतो. मध्यावर व्हीटी स्टेशनच्या माथ्यावर अभियांत्रिकी आणि व्यापाराच्या मूर्तींच्या रांगेत शेतीचीही मूर्ती आहे. आणि रस्ता संपतो त्या हुतात्मा चौकात तो कामगाराच्या शेजारी मशाल धरून उभा आहे. सुमारे दीड किलोमीटरच्या अंतरात तीन वेळा. या रस्त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, इंग्रजीत जास्त, मराठीत बरंचसं त्याच्याच आधाराने. पण हे तीन शेतकरी एका ओळीत मोजलेले मला कुठे वाचायला मिळाले नाहीत.

मी वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडची आहे. त्यामुळे असेल, पण या रस्त्यावरून चालताना माझी नजर आधी तिकडे जाते. आमच्याकडे मुंबईहून कुणी आलं की विचारतं, "कारंजा म्हणजे उरणजवळचं ना?" नाही, ते वेगळं. आमचं कारंजा वऱ्हाडातलं. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, जैनांच्या भट्टारकपीठांचं गाव आणि कापसाचा बाजार. जुन्या कागदांत 'कारंजा बीबी' असंही नाव सापडतं.

दादाभाई नौरोजी रस्ता म्हणजे जुना हॉर्नबी रोड. मुंबईत त्याला 'डी. एन. रोड' म्हणतात आणि पुढे विचार करत नाहीत. हेरिटेज वॉकवाले त्याला शहराचा सर्वांत देखणा रस्ता म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. तो खरंच देखणा आहे. माझी तक्रार रस्त्याबद्दल नाही, तो वाचला जातो त्या पद्धतीबद्दल आहे. कुठलाही रील उघडा, कुठलाही लेख काढा: निओ-क्लासिकल, गॉथिक, इंडो-सारासेनिक, कमान, घुमट, मनोरा. शैलींची नावं संपली की लेख संपतो. इमारतीला शैली असते तसा पैसाही असतो, आणि तो कुठून तरी आलेला असतो.

आधी रस्त्याचा इतिहास थोडक्यात, कारण तो ठाऊक नसेल तर पुढचं कळणार नाही. मुंबईचा फोर्ट म्हणजे खरोखरचा कोट होता. त्याला तीन दरवाजे: अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट. १८६२ साली बार्टल फ्रियर गव्हर्नर झाला आणि त्याच्या काळात हा कोट पाडला गेला. मोकळ्या झालेल्या जागेत मोठ्या इमारती आणि रुंद रस्ते आले. चर्चगेट होतं त्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. अठराव्या शतकातल्या विल्यम हॉर्नबी या गव्हर्नरचं नाव मिळालेला रस्ता रुंद झाला आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्याच्या दोन्ही बाजू भरत गेल्या. १८८१ ची वाच्छा अग्यारी, १८८८ साली पुरं झालेलं व्हीटी, १८९३ ची महापालिका.

आता साल पुन्हा बघा. १८६२, १८६३, १८६४. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. दक्षिणेतल्या राज्यांचा कापूस लँकेशायरला पोचत नव्हता, गिरण्या बंद पडत होत्या, आणि जगाचं लक्ष एकदम हिंदुस्थानच्या कापसावर आलं. मुंबईच्या बंदरात अचानक इतका पैसा आला की काय करावं ते कुणाला कळेना. बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंदांच्या नावावर शेअर वर चढायचे. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळा डोलारा कोसळला. पण कोट पडला होता आणि रस्त्याची आखणी झाली होती. ती काही मागे घेता येत नव्हती.

तो कापूस गुजरातचा होता, खानदेशचा होता, आणि वऱ्हाडचाही होता. वऱ्हाड १८५३ मध्येच कंपनीने निजामाकडून स्वतःच्या ताब्यात घेतलं होतं. कागदावर कारण होतं निजामाच्या फौजेच्या खर्चाची थकबाकी. पण वऱ्हाडची काळी माती कशासाठी हवी होती हे तेव्हाही कुणापासून लपलेलं नव्हतं. रेल्वे भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. नकाशा उघडून ती रेघ बघा. ती जिथून जाते तिथे तेव्हा शहरं फारशी नव्हती, कापूस होता. कारंज्याहून मूर्तिजापूर तीसेक किलोमीटर. बंड्यांची रांग कारंज्यातून निघायची, मूर्तिजापूरला कापूस रेल्वेवर चढायचा आणि मुंबईला उतरायचा.

इथे एक मोह होतो, तो टाळायला हवा. 'कारंज्याच्या कापसाने डी. एन. रोड बांधला' असं वाक्य लिहिलं तर ते व्हायरल होईल, पण खरं ठरणार नाही. तेजीतला बराचसा पैसा मंदीत बुडाला. रस्त्यावरच्या बहुतेक इमारती त्यानंतर वीस-तीस वर्षांनी आल्या. त्यांच्यात सरकारचा पैसा आहे, पारशी आणि इतर व्यापाऱ्यांचा पैसा आहे, चीनच्या व्यापारातून आलेला आणि गिरण्यांतून आलेलाही आहे. वऱ्हाडी शेतकऱ्याच्या नावाने त्यावर सरळ बिल फाडता येत नाही. म्हणता येतं ते एवढंच: हा रस्ता ज्या व्यापाराचं तोंड आहे, त्याचं पोट आमच्याकडे होतं. एरवी व्हीटीच्या माथ्यावर शेतीची मूर्ती बसवायची गरज स्टीव्हन्सला आणि ती मूर्ती घडवणाऱ्या थॉमस अर्पला का वाटली असती? रेल्वे कंपनीच्या मुख्यालयावर शेती आली ती भक्तीने आली नव्हती. ते त्यांचं गिऱ्हाईक होतं.

रस्त्याचं नावही बघण्यासारखं आहे. दादाभाई नौरोजी म्हटलं की शाळेत पाठ केलेला 'आर्थिक निःसारणाचा सिद्धांत' आठवतो. इंग्लंड हिंदुस्थानातून दरवर्षी किती संपत्ती काढून नेतं याचा हिशेब त्यांनी मांडला आणि १९०१ मध्ये त्यावरचं मोठं पुस्तक काढलं. पुस्तकात सहसा न येणारी गोष्ट म्हणजे १८५९ साली दादाभाईंनी स्वतःची कंपनी काढली होती, आणि ती कापसाचा व्यापार करायची. मी हे त्यांना पकडण्यासाठी सांगत नाहीये. उलट मला वाटतं, कापसाचे भाव आणि हुंड्या आतून बघितलेल्या माणसालाच तो हिशेब इतक्या नेमकेपणाने मांडता आला. पण त्यांचा हिशेब देशाच्या किनाऱ्यापाशी सुरू होतो. मुंबईहून लंडनला काय गेलं ते त्यात आहे. कारंज्याहून मुंबईला काय गेलं आणि परत काय आलं, तो हिशेब अजून कुणी त्याच हट्टाने मांडायचा आहे. त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर हे सुचावं, याला मी योगायोग म्हणेन.

दुसऱ्या टोकाला क्रॉफर्ड मार्केट. १८६९ ची इमारत, आताचं नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई. म्हणजे 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्याच्या नावाची मंडई, निःसारणाचा सिद्धांत मांडणाऱ्याच्या नावाचा रस्ता, आणि शेवटी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचा चौक. नावं बदलणाऱ्यांनी हे ठरवून केलं नसणार. पण आज ही तीन नावं एका सरळ रेषेत वाचली की एक निबंध तयार होतो, आणि त्या निबंधात आमच्यासारख्यांसाठी एक अवघड परिच्छेद आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं. ते झालं नाही. हुतात्मा चौकातला शेतकरी कुठल्या महाराष्ट्राचा, असा प्रश्न माझ्या आजोबांच्या पिढीला पडायचा. माझ्या पिढीला तो पडत नाही. आम्ही तिथे सेल्फी काढतो. याचं मला वाईट वाटतं असंही नाही, नोंद करून ठेवते इतकंच.

आता रस्त्याचं रूप. डी. एन. रोडची खरी कमाल घुमटांत नाही, पायाशी आहे. १८९६ च्या सुमारास नियम झाला की या रस्त्यावर इमारत बांधायची तर तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी सोडायची. वरचं रूप तुमचं तुम्ही ठरवा. खाली मात्र लोकांना चालायला सावली हवी. म्हणून हा रस्ता वर बघितला तर गोंगाट आहे, प्रत्येक इमारत दुसरीपेक्षा वेगळ्या सुरात बोलते, आणि खाली बघितला तर एकच लांब ताल आहे. कमान, खांब, कमान, खांब. मुंबईच्या जूनमध्ये छत्री न उघडता बरंचसं अंतर कापता येतं. शंभर वर्षांपूर्वीच्या वकिलालाही, आजच्या डिलिव्हरीवाल्यालाही. मला विचाराल तर व्हीटीच्या घुमटापेक्षा ही पडवी मोठी कलाकृती आहे, कारण ती कुणा एकाने बांधलेली नाही. एका नियमाने बांधून घेतली आहे.

१९९०च्या दशकाच्या शेवटी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यावर जे काम हाती घेतलं त्याचंही मोल यातच आहे. दुकानांच्या पाट्यांनी कमानी झाकून टाकल्या होत्या. एकही दगड न बदलता त्या पाट्या कमानीच्या आत, मापात बसवायच्या, असा आग्रह त्यांनी धरला आणि दुकानदारांना त्यात सामील करून घेतलं. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. पाटी सहा फूट आत सरकवणं हे पुतळा उभारण्यापेक्षा कठीण काम आहे. आपल्या गावच्या कुठल्याही मेन रोडवर एकदा करून बघा.

आमच्याकडे पडवीचा नियम कधी आला नाही. पण नियम आलाच नाही असं नाही. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंज्याचा कापूस बाजार नियंत्रित झाला. शेतीमालाच्या व्यापाराची पुस्तकं त्याला देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणतात. पुढे १८९७ मध्ये सगळ्या वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ च्या शाही शेती आयोगाने असे बाजार सगळीकडे हवेत असं सुचवलं, आणि आज ज्याला आपण 'मार्केट यार्ड' किंवा 'बाजार समिती' म्हणतो त्याची मुळं तिथे जातात. बाजार समित्यांवरून एवढी आंदोलनं झाली, टीव्हीवर एवढ्या चर्चा झाल्या, त्यात कारंज्याचं नाव मी एकदाही ऐकलं नाही.

मुंबईतला पडवीचा नियम आणि कारंज्यातला बाजाराचा नियम, दहा वर्षांच्या आतबाहेर. दोन्ही एकाच राज्यकर्त्यांचे, दोन्ही व्यापाराला शिस्त लावणारे. पण फरक कोणासाठी यात आहे. मुंबईच्या नियमाने चालणाऱ्याला सावली दिली. कारंज्याच्या नियमाचा हेतू मँचेस्टरला भेसळ नसलेला कापूस रास्त दरात मिळावा असा होता. पाणी मारलेला, सरकी मिसळलेला कापूस गाठींतून जायचा, याचा गिरणीवाल्यांना वैताग होता. मुंबई सरकारने तर १८६३ मध्येच कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदा केला होता. शेतकऱ्याच्या मापात होणारी मारामारी त्या नियमांमुळे थोडी कमी झाली असेल, तर तो वरचा फायदा. हर्रास, काटा, अडत, चुकारा, हे शब्द आमच्या घरात शिव्यांसारखे आणि मंत्रांसारखे दोन्ही पद्धतीने वापरले जातात. त्यांचा इतिहास असा परक्याच्या सोयीतून सुरू होतो.

कारंज्याचा रस्ता समीक्षेच्या लायकीचा आहे का? आहे, पण त्याला वेगळी नजर हवी. कारंज्यालाही कोट होता. त्याच्या चार वेशी: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. नावं बघा. मुंबईच्या दरवाज्यांची नावं आत काय आहे ते सांगतात, चर्च किंवा बाजार. आमच्या वेशींची नावं रस्ता कुठे जातो ते सांगतात. पोहा म्हणजे शेजारचं गाव, दिल्ली म्हणजे बादशहाचं. दोन्हींना एकेक दरवाजा, सारख्याच मानाने. एवढा मोकळा नकाशा मी दुसऱ्या शहराच्या तोंडून ऐकलेला नाही. १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर मराठ्यांची फौज थेट कारंज्यावर आली होती. इतिहासकार सांगतात की चार हजार बैल आणि गाढवं भरून माल गेला, आणि गावातला सगळ्यात बडा सावकार बाईच्या वेशात निसटला. सुरतेनंतर कारंजा, यावरून गावाची तेव्हाची पत कळते. मुंबई त्या वेळी कंपनीच्या ताब्यात येऊन दोनच वर्षं झाली होती.

मुंबईने कोट पाडला, रस्ता रुंद केला आणि सगळी शोभा रस्त्याकडे तोंड करून लावली. कारंज्याने शोभा आत ठेवली. काष्ठासंघ मंदिरातलं लाकडी कोरीवकाम रस्त्यावरून दिसत नाही. तिथल्या भांडारांतल्या पोथ्यांवर हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९३०च्या दशकात काम केलं. पुष्पदंताचं अपभ्रंश काव्य 'जसहरचरिउ' १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेतून बाहेर आलं, तेव्हा कुठे विद्वानांना कळलं की या कापसाच्या गावात काय जपून ठेवलंय. बाहेरून बघणाऱ्याला धूळ, पत्र्याची छपरं आणि ओटे दिसतात. पण तो ओटा आणि पुढे काढलेला पत्रा हीच आमची पडवी आहे. नियमाविना, तुकड्यातुकड्यांत, कुणाचा दोन फूट पुढे तर कुणाचा दोन फूट मागे. मे महिन्यात बाजारात फिरणारी बाई त्या सावल्यांवरून उड्या मारत जावं तशी जाते. हे सुंदर आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्या मधल्या उन्हाची मला सवय आहे. पण डी. एन. रोडची पडवी ज्या गरजेतून आली तीच गरज इथेही दिसते, फक्त ती कुणी लिहून काढली नाही.

लिहून काढायला लागतो पैसा, जो थांबतो. आमचा थांबला नाही. 'शकुंतला'चंच बघा. यवतमाळ ते मूर्तिजापूर, कारंज्यावरून जाणारी नॅरोगेज. मालकी मुंबईच्या किलिक निक्सनच्या गटातल्या कंपनीची. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलं होतं. मँचेस्टरचं इंजिन, मँचेस्टरसाठी कापूस. ते १९९४ पर्यंत धावलं. देश स्वतंत्र होऊन सत्तेचाळीस वर्षं झाल्यावरही. नंतर डिझेल आलं आणि अलीकडे गाडीच बंद पडली. आता तिच्यावर हळवे व्हिडिओ बनतात. त्यांतही डी. एन. रोडचाच दोष आहे: डबा दिसतो, धूर दिसतो, माल दिसत नाही.

आणि कापूसही आता पूर्वीसारखा दिसत नाही. १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली, मग तीही संपली, आणि आमच्याकडच्या वावरांत सोयाबीन आलं. मुंबईत कापसाचा बाजार आधी फोर्टात भरायचा, मग कुलाब्याला गेला, मग शिवडीला. आज 'कॉटन ग्रीन' हे लोकलच्या एका स्टेशनाचं नाव आहे. हार्बर लाइनवर रोज लाखो लोक ते ऐकतात. वऱ्हाडातून आलेला एखादा पोरगा तिथे उतरत असेल तर त्याला त्या नावात आपलं काही आहे असं वाटत नसणार.

तरुण मंडळी या रस्त्यावर फोटो काढायला जातात, मीही जाते. माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वेळी फुले मंडईपासून चालायला सुरुवात करा आणि तीन शेतकरी मोजत हुतात्मा चौकापर्यंत या. मधला सापडायला वेळ लागतो, तो उंच आहे.

आमच्या बाजूला आता नवा रस्ता आलाय. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण रस्ता. तो वाशिम जिल्ह्यातून कारंजा, शेलूबाजार, मालेगावकडून जातो. अभियांत्रिकी म्हणून मला तो आवडतो. रात्री गावी जाताना त्याच्याइतकी सोय दुसरी नाही. पण रस्ता म्हणून त्याला चेहरा नाही, कारण त्याच्या काठाला कुणी राहू शकत नाही. दोन्ही बाजूंना कुंपण. पडवी सोडाच, ओटाही नाही. कारंज्याला त्याने एक इंटरचेंज दिलाय. म्हटलं तर ती पाचवी वेस, फक्त तिला गावाचं नाही, नंबराचं नाव. दुचाकीला आत प्रवेश नाही, ट्रॅक्टरला नाही, बंडीचा तर प्रश्नच नाही. सोयाबीन भरलेला ट्रॅक्टर पुलाखालून जुन्या रस्त्याने मार्केट यार्डकडे वळतो, आणि वरून मुंबईची गाडी निघून जाते.